वेडी आशा आणि बाणगंगेचा कावळा

पत्र (थोडक्यात) : माझं वय ५४. मुलुंडला राहते, बँकेत नोकरी करते. कॉलेजपासून नास्तिक. लग्न रजिस्टर केलं, घरात देव्हारा नाही, मुलीचं बारसंसुद्धा केलं नाही. गेल्या वर्षी माझा थोरला भाऊ हार्ट अटॅकने गेला. त्याआधी सात महिने आम्ही बोलत नव्हतो. कारण एकच, वडिलांच्या नावावरचा फ्लॅट. दादाचं म्हणणं, मी हक्कसोडपत्र करून द्यावं. मी नाही म्हणाले. त्यापूर्वीची तीस वर्षं दर रविवारी रात्री नऊला त्याचा फोन यायचा.

दहाव्याला बाणगंगेला गेले ती फक्त वहिनीसाठी. पाऊण तास झाला तरी पिंडाला कावळा शिवेना. वहिनीने, पुतण्याने, काकांनी काय काय कबूल केलं. मी मागे पायरीवर उभी होते. मनात म्हणाले, 'दादा, सही करते. जा आता.' आणि कावळा आला.

तो कावळा दादा नव्हता, हे मला कळतं. पण तेव्हापासून वाटत राहतं, तो कुठेतरी असावा. देव असता तर बरं झालं असतं, असंही वाटतं. नवऱ्याला सांगितलं तर हसला. म्हणाला, 'काय, झालीस का भाविक?' परवा सहज दादाचा नंबर उघडला, तर व्हॉट्सॲपवर कुणा परक्या बाळाचा फोटो. मी ढोंगी आहे का? की सगळ्याच नास्तिकांना आतून असं वाटतं? आणि त्या सहीचं काय करू? वहिनीला त्यातलं काहीच माहीत नाही.

उत्तर :

मुलुंडच्या ताई,

तुमचं पत्र वाचून झाल्यावर मी एक उद्योग केला. त्यात 'देव' किती वेळा आलाय ते मोजलं. दोनदा. 'दादा' एकोणतीस वेळा. (पत्र इथे कापूनछाटून दिलंय, मूळ साडेचार पानी आहे.) तेव्हा तुम्ही आस्तिक झालात की नाही, ही चौकशी जरा बाजूला ठेवू. तुम्हाला भाऊ हवाय, आणि त्याला ठेवायला जागा हवी म्हणून परलोक हवाय. देव आलाय तो त्या जागेचा मालक म्हणून. मुंबईत राहून मालकाशिवाय जागेचा विचार करायची आपल्याला सवय नाही, त्याला कोण काय करणार.

देव आणि परलोक आपण एका दमात बोलतो, पण त्यांची गाठ काही पक्की नाही. तुमच्याच गल्लीतल्या जैन शेजाऱ्यांना विचारा. जग घडवणारा ईश्वर त्यांच्या दर्शनात नाही, पुनर्जन्म मात्र ठाम. आपल्याकडच्या जुन्या मीमांसकांनी, म्हणजे वेदांतल्या यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या पंडितांनी, स्वर्गासाठी यज्ञ सांगितले, पण जगाला कर्ता असलाच पाहिजे असं काही त्यांना वाटलं नाही. उलटंही आहे. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेने २०१९-२० मध्ये भारतभर सुमारे ३० हजार लोकांच्या मुलाखती घेतल्या. देव मानणारे निघाले ९७ टक्के. पण हिंदूंना पुनर्जन्माबद्दल विचारलं, तेव्हा हो म्हणणारे ४० टक्केच. म्हणजे देवाला रोज हात जोडणारे कितीतरी लोक गेलेल्या माणसाच्या परत येण्याबद्दल तुमच्याइतकेच साशंक आहेत. तुमच्या वहिनीला कधी विचारलंत का? नका विचारू, आत्ता नको. पण तिला सगळं पक्कं माहीत आहे आणि तुम्ही तेवढ्या अंधारात, असं धरून चालू नका.

आता ढोंगीपणाचं. ढोंगी म्हणजे आत एक, बाहेर दुसरं. तुम्हाला कुणी विचारलं, 'दादा आहे का कुठे?' तर तुम्ही काय सांगाल? 'नाही.' आज सांगाल, उद्याही सांगाल. 'असावा असं वाटतं का?' 'हो.' यात खोटं कुठलं आलं? पहिलं उत्तर जगाबद्दलचं आहे, दुसरं तुमच्याबद्दलचं.

दहावीच्या निकालाची सकाळ आठवा. निकाल केव्हाच तयार झालेला असतो, मार्क मंडळात नोंदले गेलेले असतात. तरी दुपारी एकला साइट उघडेपर्यंत घरोघरच्या आया 'पास होऊ दे गं बाई' म्हणत असतात. तेव्हा काही बदलणार नसतं, हे त्यांनाही ठाऊक असतं. आशेला पुरावा लागत नाही, आणि आशा म्हणजे पुरावाही नव्हे. आपल्या भाषेला हे फार पूर्वीच कळलंय, म्हणून तर 'वेडी आशा' असा शब्द आहे. जिला वेडी म्हणतो, तिच्यावर आपण विश्वास ठेवत नाही. आणि घरातून हाकलूनही देत नाही.

सगळ्याच नास्तिकांना असं वाटतं का? नाही. थॉमस नेगेल नावाच्या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९९७ मध्ये सरळ लिहून टाकलं की देव नाही असं मला नुसतं वाटत नाही, तो नसावा अशी माझी आशा आहे. असं विश्व मला नकोच आहे. मला तो प्रामाणिकपणा आवडतो. आपलं तर्कशास्त्र आणि आपली इच्छा एकाच बाजूला उभी आहेत, हे बघून तो स्वतःच जरा दचकतो. अशी माणसं मुंबईतही आहेत. मेल्यावर पुन्हा कुणीतरी हिशेब विचारणार, पुन्हा रांग, या कल्पनेनेच त्यांना घाम फुटतो. आयुष्यभर विरार फास्ट पकडलेल्या माणसाला 'पुढे काही नाही' यासारखं सुख नसावं.

दुसऱ्या टोकाला भगतसिंग. १९३० मध्ये लाहोरच्या तुरुंगात, फाशी समोर दिसत असताना, २३ वर्षांच्या त्या मुलाने आपण नास्तिक का आहोत ते लिहिलं. त्यात देवाची टर उडवणं आहे, पण एक कबुलीही आहे, आणि ती भाषणांत सहसा येत नाही : श्रद्धा संकट हलकं करते, देवात माणसाला मोठा आधार मिळतो. हिंदूला पुढच्या जन्मी राजा व्हायची अपेक्षा असेल, मुसलमानाला, ख्रिस्ती माणसाला स्वर्गाची. मी कशाची अपेक्षा ठेवू? गळ्यात दोर अडकेल तो शेवटचा क्षण, एवढंच मला माहीत आहे. आधाराची ऊब त्याला कळत होती. ती कळूनही त्याने घेतली नाही. त्याने लिहिलंय ते वाचताना मला तरी त्याचं मन दगडाचं वाटत नाही.

आणि मधले सगळे, तुमच्या-माझ्यासारखे. माझे एक युनियनवाले स्नेही आहेत. जन्म गेला लाल बावट्याखाली, दसऱ्याला कारखान्यात यंत्राची पूजा व्हायची तेव्हा हे बाहेर जाऊन बिडी ओढत बसायचे. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. सप्टेंबर होता, वांद्र्याला माउंट मेरीची जत्रा चालू. हे गुपचूप गेले, मेणाचा पाय विकत घेतला आणि वाहून आले. मी चिडवलं, तर म्हणाले, "विश्वास माझा नाही. पण पाय तिचा आहे ना."

माझे वडील गिरणीत साचेवाले. देवाधर्माचं त्यांना भयंकर वावडं, आईचे सोमवार-गुरुवार मात्र चालू. त्यांनी नेत्रदानाचा फॉर्म भरला, तेव्हा आई आठवडाभर घुश्शात. तिचा आक्षेप साधा होता : "डोळे इथेच काढून दिले तर तिकडे दिसणार कसं?" वडील म्हणाले, "तिकडे काही नाहीच, तर दिसायचंय काय? आणि असलंच काही, तर तू पेपर वाचून दाखव. इथे तरी माझा चष्मा कुठे सापडतो." डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात, म्हणून ते गेले त्या रात्री साडेतीनला डॉक्टर चाळीचा जिना चढून आले. शेजारच्याने बॅटरी धरली होती. आई दाराशी उभी राहून डॉक्टरांना सांगत होती, "हळू हं, त्यांना डोळ्याला हात लावलेला आवडत नाही." मी आजवर कितीतरी वेळा विचार केलाय, 'असलंच काही तर' हे वडिलांनी आईसाठी म्हटलं की स्वतःसाठी. ठरवता येत नाही.

आपल्याकडचे जुने नास्तिक म्हणजे चार्वाक. त्यांचं आज जे हाती लागतं, ते बहुतेक विरोधकांनी उतरवून ठेवलेलं. माधवाचार्यांनी चौदाव्या शतकात सगळ्या दर्शनांचा संग्रह केला, त्यात चार्वाकांचे श्लोक आहेत. 'ऋण काढून तूप प्या' एवढंच लोकांना ठाऊक असतं. श्राद्धावरचाही एक आहे : इथे वाढलेलं अन्न मेलेल्याला पोचत असेल, तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी कशाला बांधून देता? हा टोला झाला. पण त्याच श्लोकांमध्ये आणखी एक आहे. देहातून निघून माणूस खरंच परलोकी जात असेल, तर आपल्या माणसांच्या मायेने व्याकूळ होऊन तो पुन्हा परत का येत नाही?

हाही टोलाच म्हणून शिकवतात. तरुणपणी मीही वादात तो तसाच फेकायचे. वडील गेल्यावर पुन्हा वाचला आणि थबकले. 'बंधुस्नेहसमाकुल' असा शब्द आहे मुळात. निव्वळ खोडून काढायचं असतं, तर एवढा ओला शब्द कशाला लागला असता? ज्याने हे रचलं, त्याने कुणाची तरी वाट बघितलेली असणार, असं मला वाटतं. हा माझा अंदाज, शास्त्रार्थ नव्हे. संस्कृतच्या जाणकारांनी पत्रं पाठवू नयेत.

आता कावळा.

कावळ्याचं मुंबईपुरतं स्पष्टीकरण सोपं आहे. बाणगंगेच्या पायऱ्यांवर एका सकाळी किती घरांचे दहावे असतात! शिवायला उशीर होतो तो बहुतेक वेळा मागच्या घरचा पिंड पोटात असल्याने. त्यात माणसं पिंडाभोवती कोंडाळं करतात, कावळा सावध पक्षी, गर्दीत उतरत नाही. पाऊण तासाने लोक कंटाळून मागे सरतात, कुणी पायरीवर टेकतं, कुणी फोन काढतं, आणि तो येतो. तुम्ही मनात बोललात त्याच मिनिटाला गर्दी पांगली असेल. नसेलही. भटजींकडे दर्भाचा कावळा तयार असतोच, म्हणजे परंपरेलाही कावळ्याच्या लहरीची पूर्ण कल्पना आहे.

पण मला त्या कावळ्यापेक्षा त्या पाऊण तासात जास्त रस आहे. आपल्या घरांत एरवी कोण काय मोठ्याने कबूल करतं? दहाव्याला मात्र चारचौघांत, उन्हात, डोक्यावर पदर घेऊन बाई म्हणते, 'पोराचं शिक्षण अर्धवट ठेवणार नाही.' मुलगा म्हणतो, 'आईला टाकणार नाही.' एखादा व्याही पुढे होतो, 'उधारीचं मी बघतो.' गेलेल्याच्या जिवाला काय घोर असेल, याचा अंदाज जिवंत माणसं एकमेकांसमोर एकेक करून लावतात. कावळा जितका उशीर करतो, तितकं खोलवरचं बाहेर येतं. कुणाला काय सलतंय, ते सगळ्या नातलगांना कळतं. नास्तिक म्हणून तुम्ही त्या विधीच्या बाहेर उभ्या होतात, ठीक. पण तुम्हीही अंदाज लावलात, आणि तुम्हाला सलणारं नेमकं निघालं. फरक इतकाच की बाकीचे मोठ्याने बोलले, तुम्ही मनात.

आणि तिथेच सहीचा घोळ आहे. तुमचं वचन ऐकलं कुणी? दादाने नाही, तुमच्याच मते. वहिनीने नाही. कावळ्याने तर नाहीच. ऐकणाऱ्या फक्त तुम्ही. म्हणून ते रद्द होतं असं नाही. स्वतःला दिलेला शब्द काही स्वस्त नसतो. पण तो तुम्ही दिलाय, तर त्याचा अर्थ लावायचा हक्कही तुमचाच.

स्वतःला एकच विचारा : त्या दिवशी कावळा आला नसता, दर्भाचा लावून सगळे घरी आले असते, तर आज सही केली असतीत का? उत्तर 'हो' असेल, दादाने बारा वर्षं आई-वडिलांचं दुखणंखुपणं काढलं ते तुम्हाला आता वेगळं दिसत असेल (तुमच्याच पत्रात ते आहे, तिसऱ्या पानावर, घाईघाईने लिहिलेलं), तर करा सही. उत्तर 'नाही' असेल, तर ती सही अपराधीपणाची होईल, आणि तशा सहीनंतर माणूस मनातल्या मनात वसुली करत राहतो. ती वसुली वहिनीकडून होईल, तिचा काही दोष नसताना. वडिलांच्या मिळकतीत तुमचा हिस्सा आहे, हे कायद्याने तुमचं आहे, त्यात पाप नाही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं, आणि एकदा नोंदलं की माघार घेणं फार कठीण. त्या फॉर्मवर 'कावळ्यापुढे कबूल केलं' असा रकाना नसतो. आधी वकिलाला भेटा, आपला वकील, वहिनीचा आणि आपला मिळून एक नव्हे. मधल्या वाटाही असतात : वहिनीने हयातभर तिथे राहावं आणि हिस्सा तुमच्याकडे राहावा, किंवा अर्ध्याऐवजी कमी घ्यावं. तुमच्या मुलीलाही विचारा, ती सज्ञान आहे.

काहीही ठरलं तरी वहिनीशी बोला. सहीचं नव्हे, सात महिन्यांचं सांगा. माफी मागायला तुम्हाला दादा हवाय, तो मिळणार नाही. पण ते सात महिने त्या घरात दुसऱ्या बाजूने पाहिलेलं एक माणूस आहे. दादा रविवारी नऊला काय करायचा, फोनकडे बघायचा का, टीव्ही मोठा करायचा का, हे तिला माहीत असणार. ऐकायला अवघड जाईल. तरी विचारा.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. तुमच्या या मनःस्थितीवर धंदा करणारे या शहरात पुष्कळ आहेत. प्लँचेटवाले, फोटो बघून 'ते अडकलेत' सांगणारे, ऑनलाइन आत्म्याशी बोलणं करून देणारे. सुरुवातीला पाचशे रुपये असतात. चमत्काराच्या नावाखाली लोकांना फसवून पैसे काढणं महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, पण दुःखात असलेलं माणूस तक्रार करायला जात नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक असतं. आणि नास्तिक तर अजिबातच जात नाही, लाजेने. आशा ठेवा, ती फुकट आहे. तिचे पैसे कुणी मागितले, की उठा.

यजमानांच्या हसण्याचं फार मनावर घेऊ नका. तीस वर्षं दोघांनी मिळून एक भिंत बांधली, आणि तुम्ही एक वीट हलवून बघितलीत, म्हणून ते घाबरले असावेत. त्यांना म्हणा, मला मत नको होतं, ऐकायला कान हवा होता.

राहिला तो नंबर. बंद झालेला नंबर कंपन्या निदान ९० दिवस थांबून दुसऱ्याला देतात, तसा तो गेला. तुम्ही अजून 'दादा' याच नावाने ठेवलाय, तो राहू द्या. पुसायलाच हवा असा काही नियम नाही. रविवारी रात्री नऊला दादाशी बोलावंसं वाटलं तर बोला, मोठ्याने बोला, स्वयंपाकघरात ओटा पुसता पुसता बोला. फक्त त्या नंबरवर फोन लावू नका. पलीकडे बाळाला नुकतं झोपवलेलं असेल.